रिंगणातली टोपी : रिकनबॅकर मोटार कंपनी आणि तिचं बोधचिन्ह (१९२२-१९२७)

चाकोरी

बरेच दिवस मनात घोळत असलेला विषय आज लिहायला घेतोय. बंद पडलेल्या मोटार कंपन्यांच्या बोधचिन्हांचे फोटो जमवणं हा माझा कॉलेजपासूनचा नाद. आता संग्रह बऱ्यापैकी मोठा झालाय, पण त्यातल्या एका चिन्हापाशी मी पुन्हा पुन्हा येऊन थांबतो. एक गोल कडं आणि त्यात तिरकी टाकलेली उंच टोपी. टोपीवर लाल-पांढरे पट्टे, खालच्या निळ्या पट्टीवर पांढरे तारे. अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात बनलेल्या रिकनबॅकर गाडीचं हे चिन्ह. कंपनी जेमतेम पाच-सहा वर्षं जगली आणि सुमारे ३५ हजार गाड्या बनवून बंद पडली.

बहुतेक कंपन्यांची चिन्हं जाहिरातवाल्यांच्या टेबलावर जन्मतात. हे मात्र विमानतळावर जन्मलं, तेही युद्ध चालू असताना.

१९१८ साली फ्रान्समधल्या आघाडीवर अमेरिकेची ९४वी एअरो स्क्वाड्रन, म्हणजे लढाऊ विमानांची तुकडी, दाखल झाली. विमानांवर रंगवायला तुकडीचं स्वतःचं चिन्ह हवं होतं. तुकडीप्रमुख मेजर हफर यांनी अंकल सॅमची, म्हणजे चित्रांत अमेरिकेचं प्रतीक म्हणून दाखवतात त्या म्हाताऱ्याची, तारे-पट्ट्यांची टोपी सुचवली. तुकडीचे डॉक्टर लेफ्टनंट वॉल्टर्स म्हणाले, ती टोपी रिंगणात टाकलेली दाखवा. लेफ्टनंट जॉन वेंटवर्थ यांनी चित्र काढलं आणि ते विमानांवर चढलं. तिकडे मुष्टियुद्धाच्या रिंगणात टोपी टाकली की आव्हान स्वीकारलं असा अर्थ होतो. १९१२ साली थिओडोर रूझवेल्ट यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीबद्दल बोलताना हेच शब्द वापरले होते, त्यामुळे सामान्य माणसाच्या तोंडीही ते रुळलेले होते. अमेरिका युद्धात उतरली, एवढं सगळं त्या एका टोपीत आलं.

या तुकडीत एडी रिकनबॅकर होता. युद्ध संपलं तेव्हा त्याच्या नावावर २६ हवाई विजय होते आणि तो अमेरिकेचा पहिल्या क्रमांकाचा लढाऊ वैमानिक होता. पण तो मुळात मोटारींचा माणूस, ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. जन्म १८९०, ओहायोतल्या कोलंबसचा. आईवडील स्वित्झर्लंडहून आलेले, घरी गरिबी. १९०४ मध्ये वडील गेले आणि पोरगं शाळा सोडून कारखान्यात लागलं. पुढे गावातल्याच फ्रेयर-मिलर मोटारींच्या कारखान्यात शिरलं. ही कंपनीसुद्धा थोडीच वर्षं चालली. पंख्याने हवा मारून इंजिन गार ठेवायची तिची पद्धत होती. शिक्षण अर्धवट राहिलेलं, म्हणून त्याने टपालाने येणारा इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम केला. १९०६ मध्ये व्हँडरबिल्ट कपच्या शर्यतीसाठी ली फ्रेयर यांच्या शेजारी मेकॅनिक म्हणून बसला. नंतर स्वतः शर्यती मारल्या, इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीतही उतरला.

युद्धानंतर हा माणूस घराघरात माहीत झालेला. त्याच्या नावाने गाडी काढायची कल्पना बार्नी एव्हरिट आणि वॉल्टर फ्लँडर्स यांनी उचलून धरली. हे दोघे मोटार धंद्यातले मुरलेले, मेट्झगर यांच्यासोबत त्यांनी १९०८ मध्ये ई-एम-एफ ही कंपनी काढली होती. रिकनबॅकर उपाध्यक्ष झाला आणि विक्रीची बाजू त्याच्याकडे आली. जानेवारी १९२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनात गाडी लोकांसमोर आली. घोषवाक्य होतं, नावाला साजेशी गाडी. आणि रेडिएटरवर होती ती टोपी.

सहा सिलिंडरचं इंजिन, ५८ हॉर्सपॉवर, आणि एक खास गोष्ट म्हणजे क्रँकशाफ्टच्या (इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दोन्ही टोकांना फ्लायव्हील, म्हणजे फिरणं एकसारखं ठेवणारं जड चाक. साधारण इंजिनाला एकच असतं, मागच्या बाजूला. लांब क्रँक फिरताना पिळवटतो आणि ठरावीक वेगाला सगळी गाडी थरथरते. दोन्ही टोकांना वजन दिल्याने ती थरथर बरीच कमी झाली. किंमत साधारण दीड ते दोन हजार डॉलर. त्या वेळी फोर्डची मॉडेल टी तीनशे-साडेतीनशे डॉलरना मिळायची, म्हणजे ही काही सर्वसामान्यांची गाडी नव्हती. चांगल्या पगाराचा डॉक्टर, वकील, दुकानदार घेईल अशी.

१९२३ मध्ये त्यांनी चारही चाकांना ब्रेक दिले. माझ्या मते तिथेच कंपनीचं मोठेपण आहे आणि घातही तिथेच झाला. त्यावर खाली बोलू. आधी तुम्हाला या चिन्हाबद्दल काय वाटतं ते लिहा.

करवीरकर

धागा आवडला. रिंगणात टोपी टाकणं म्हणजे आपल्याकडचं शड्डू ठोकणं. विडा उचलणंही जवळचं आहे, पण विडा दरबारात उचलतात आणि शड्डू मातीत, समोरच्या पैलवानाच्या डोळ्यांत बघून. त्या चिन्हाला शड्डूच लागू पडतो. आमच्या आजोबांच्या तालमीच्या दारावर मांडीवर हात मारलेला पैलवान रंगवलेला होता, त्याची आठवण झाली. चिन्ह असं हवं की न वाचता कळावं.

एक विचारतो. लढाईतलं चिन्ह विकायच्या गाडीवर लावलं, हे त्याच्या सोबत्यांना चाललं का? त्यातले काही तर मेले असतील.

विमानवेडा

करवीरकर, प्रश्न नेमका आहे.

९४व्या तुकडीने नंतर बराच काळ ती टोपी वापरली नाही. १९२४ मध्ये १०३वी तुकडी तिच्यात विलीन झाली. त्या १०३व्या तुकडीचं चिन्ह होतं रेड इंडियन योद्ध्याचं मस्तक. दोन महायुद्धांच्या मधली वर्षं ९४व्या तुकडीच्या विमानांवर तेच मस्तक राहिलं. टोपी परत आली ती १९४२ मध्ये. म्हणजे १९२४ पासून १९२७ पर्यंत ती टोपी मोटारींच्या रेडिएटरवर होती, पण जिच्यासाठी काढली त्या तुकडीच्या विमानांवर नव्हती. आज ही तुकडी व्हर्जिनियातल्या लँगली तळावर आहे, एफ-२२ रॅप्टर उडवते आणि टोपीचं चिन्ह अभिमानाने वापरते.

मला यात खटकण्यासारखं काही वाटत नाही. रिकनबॅकर त्या तुकडीचा प्रमुखही झाला होता, सप्टेंबर १९१८ मध्ये. त्याच्या स्पॅड विमानाच्या अंगावर ती टोपी होती. ती वापरायचा हक्क कुणाला असेल तर त्यालाच.

करवीरकर

हक्क त्याचा होता हे मान्य. पण हक्क एकट्याचा नव्हता, असं मला वाटतं. तुकडीचं चिन्ह गावच्या पालखीसारखं असतं. खांदा प्रत्येकाचा, घरी नेऊन कुणी ठेवायची नाही.

मिशिगनकर

मी डेट्रॉइटपासून तासाभरावर राहतो. दोन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळा भरला होता, तिथे रिकनबॅकरची उघड्या टपाची गाडी प्रत्यक्ष पाहिली. चाकोरींनी फोटोवरून केलेलं वर्णन बरोबर आहे, पण काही गोष्टी फोटोत येत नाहीत, म्हणून लिहितो.

चिन्ह माझ्या अपेक्षेपेक्षा लहान होतं. मीनाकाम केलेलं, लाल रंग अजून ताजा, पण निळ्या रंगाला केसाएवढ्या बारीक चिरा पडलेल्या. एका ठिकाणी मीना उडून खालचा धातू दिसत होता. गाडीवाले आजोबा ऐंशीच्या घरातले. मी वाकून बघतोय म्हटल्यावर स्वतःहून म्हणाले, हात लाव. अंगठा फिरवला तर कड्याची धार आणि टोपीचा काठ वेगवेगळा जाणवतो, कारण रंगांच्या मधल्या धातूच्या रेषा किंचित वर आलेल्या आहेत. मंगळसूत्राच्या वाट्यांवरची नक्षी बोटाला लागते तशी.

मग त्यांनी गाडी चालू केली आणि मला मडगार्डवर तळहात ठेवायला सांगितला. शंभर वर्षांच्या इंजिनाच्या मानाने थरथर खरंच फार कमी होती. आजोबा एवढंच म्हणाले, दोन फ्लायव्हील.

घाटमाथा

चारही चाकांना ब्रेक देणारी पहिली गाडी हीच, असं बऱ्याच ठिकाणी वाचलंय. ते खरं आहे का?

चाकोरी

नाही, आणि मी तसं मुद्दामच लिहिलं नाही. अमेरिकेत ड्यूसेनबर्गने १९२१ मध्येच चारही चाकांना हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारे, ब्रेक दिले होते. पण ती गाडी श्रीमंतांची. रिकनबॅकरचे ब्रेक मेकॅनिकल, म्हणजे सळई-तारेने ओढले जाणारे, होते, आणि मधल्या किमतीच्या गाडीत ते आणण्याचं धाडस या कंपनीने फार लवकर केलं.

आता धाडस का म्हणतो ते सांगतो. तेव्हा बहुतेक गाड्यांना फक्त मागच्या चाकांना ब्रेक असायचे. ब्रेक दाबला की गाडीचं वजन पुढे झुकतं, मागची चाकं हलकी होतात, मग ती घसरतात. ज्या पुढच्या चाकांवर वजन येतं ती मोकळीच. आज हे कोणालाही पटेल. पण तेव्हा उलटी भीती होती, की पुढची चाकं अडवली तर स्टिअरिंग हातात राहणार नाही, गाडी कोलांटी खाईल. दुसरी भीती मागून येणाऱ्या गाडीची. पुढची झटक्यात थांबली, मागचीला दोनच ब्रेक, ती येऊन आदळणार. काही गाड्यांच्या मागे 'चार चाकांना ब्रेक आहेत' असा इशारा लावलेला असायचा, इतकी ती गोष्ट नवी होती.

आणि मग प्रतिस्पर्ध्यांनी ही भीती छापून वाटली. स्टुडबेकरने चार चाकांचे ब्रेक धोकादायक असल्याच्या मोठमोठ्या जाहिराती दिल्या. स्टुडबेकर म्हणजे ज्या कंपनीने एव्हरिट-फ्लँडर्स यांची ई-एम-एफ आपल्यात घेतली होती तीच. बरोबर असलेली गोष्ट लवकर केली म्हणून या माणसांना सोसावं लागलं, हे वाचताना मला आजही वाईट वाटतं.

हिशेबनीस

चाकोरी, लेख मन लावून लिहिलाय, पण ब्रेकमुळे कंपनी बुडाली हे मला पटत नाही. त्याच काळातली क्रायसलर घ्या. जानेवारी १९२४ मध्ये क्रायसलर सिक्स बाजारात आली. सहा सिलिंडर, चारही चाकांना हायड्रॉलिक ब्रेक, किंमत रिकनबॅकरच्याच आसपास. पहिल्याच वर्षी सुमारे ३२ हजार गाड्या खपल्या. म्हणजे रिकनबॅकरने सगळ्या आयुष्यात जेवढ्या बनवल्या जवळपास तेवढ्या. लोक ब्रेकला घाबरत असते तर क्रायसलर खपली नसती. ब्युइकनेही त्याच सुमारास चारही चाकांना ब्रेक दिले होते.

मला कारणं दुसरी दिसतात. मधल्या किमतीच्या बाजारात गर्दी भयंकर होती. फ्लँडर्स १९२३ मध्ये मोटार अपघातानंतर वारले. कारखाना कसा चालवायचा हे ज्याला सगळ्यात जास्त कळत होतं तोच माणूस गेला. आणि एव्हरिट यांनी डीलर लोकांना न विचारता किमती उतरवल्या. ज्या डीलरने जुन्या भावाने गाड्या घेऊन दुकानात उभ्या केल्यात त्याला रातोरात तोटा. माझा स्वतःचा वीस वर्षं एजन्सीचा व्यवसाय आहे, वस्तू वेगळ्या, पण हे मी भोगलंय. एका कंपनीने शनिवारी माल उचलायला लावला आणि सोमवारी भाव पाडला. गोदामातल्या एकेका खोक्याकडे बघून पोटात खड्डा पडायचा. त्यानंतर त्या कंपनीचा माल विकताना तोंडातून चांगला शब्द निघेना. डीलरचा विश्वास गेला की जाहिरात कामाला येत नाही.

चाकोरी

हिशेबनीस, क्रायसलरचा मुद्दा मला मान्य करावाच लागेल. वर 'घात' म्हणालो ते जास्तच झालं. पण एक लक्षात घ्या. रिकनबॅकरने हे १९२३ मध्ये केलं आणि बदनामी झेलली. क्रायसलर आली तोवर लोकांची भीती मोडत चालली होती. वाट पाडणारा दमला आणि मागून येणारा पुढे गेला. किमतीचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं. त्या निर्णयावरून डीलर बिथरले, कंपनीत आपसात भांडणं झाली, आणि १९२६ मध्ये रिकनबॅकरने राजीनामा दिला. त्याच्याशिवाय कंपनी थोडे महिने चालली आणि १९२७ मध्ये दिवाळं निघालं.

जाता जाता त्यांनी एक देखणी गाडी केली होती, १९२६ ची सुपर स्पोर्ट. एका ओळीत आठ सिलिंडर, मागचा भाग होडीसारखा निमुळता. कंपनी खाली चालली असताना एवढी सुंदर वस्तू बनवावीशी वाटली.

शेंद्र्याचा शेजारी

मी छत्रपती संभाजीनगरचा, शेंद्रा एमआयडीसीजवळ राहतो. ऑडीच्या गाड्या आमच्याकडे जोडल्या जातात. या कंपनीच्या इंजिनांचा ऑडीशी काही संबंध आहे असं कुठेतरी ऐकलं होतं. कोणाला माहीत आहे का?

चाकोरी

आहे! लिहायचं राहूनच गेलं होतं.

दिवाळं निघाल्यावर इंजिनं बनवायची यंत्रसामग्री विकायला निघाली. ती घेतली यॉर्गन स्काफ्टे रासमुसेन यांनी. मूळचे डॅनिश, जर्मनीत डीकेडब्ल्यू चालवायचे. सगळी यंत्रं जहाजाने जर्मनीला गेली. १९२८ मध्ये रासमुसेन यांनी ऑडी ताब्यात घेतली आणि ऑडीच्या ड्रेस्डेन आणि झ्विकाऊ या गाड्यांत रिकनबॅकरच्या घडणीची सहा आणि आठ सिलिंडरची इंजिनं बसली. १९३२ मध्ये ऑडी, डीकेडब्ल्यू, हॉर्श आणि वांडरर मिळून ऑटो युनियन झाली, आणि त्या चौघांची चार कडी आज तुम्ही शेंद्र्याच्या रस्त्यावर बघता. एका कड्यातली टोपी हरवली, पण तिच्या इंजिनाला चार कड्यांच्या घरात जागा मिळाली. माझ्या संग्रहात ही दोन चिन्हं मी शेजारी-शेजारी लावली आहेत.

करवीरकर

आमच्याकडची गोष्टही इथे नोंदवतो. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी स्वतःच्या हिमतीवर 'मीरा' नावाची छोटी मोटार बनवली. वर्षानुवर्षं सुधारत नेली, पण ती कारखान्यातून हजारोंनी कधी निघू शकली नाही. रिकनबॅकरच्या निदान ३५ हजार गाड्या रस्त्यावर आल्या. शंकररावांचं नाव आपल्या पोरांना माहीत असायला हवं, त्यावर वेगळा धागा काढतो.

आणि रिकनबॅकरचं पुढे काय झालं?

चाकोरी

मीरावर नक्की काढा, मी वाट बघतो.

रिकनबॅकरच्या डोक्यावर अडीच लाख डॉलरचं कर्ज राहिलं. दिवाळखोरी जाहीर करून सुटता आलं असतं. त्याने तसं केलं नाही, पुढच्या काही वर्षांत सगळं फेडलं. १९२७ च्याच नोव्हेंबरात पैसे उभे करून त्याने इंडियानापोलिसचं शर्यतीचं मैदान सात लाख डॉलरना घेतलं, जिथे तो तरुणपणी गाडी हाकायचा. पुढे ईस्टर्न एअर लाइन्स नावारूपाला आणली. १९४२ मध्ये त्याचं विमान पॅसिफिकमध्ये उतरलं आणि तो रबरी तराफ्यावर तीन आठवड्यांहून जास्त तरंगत राहिला, तरी वाचला. वारला १९७३ मध्ये.

करवीरकर, तुमच्या पालखीच्या प्रतिसादावर मी दोन दिवस विचार करत होतो. टोपी तुकडीची होती, हे तुमचं खरं. पण गाडीवर टोपीखाली त्याचं स्वतःचं नाव होतं आणि कर्ज त्याने त्या नावावर घेतलं, त्या नावाने फेडलं. माझ्या लेखी त्याने टोपीला बट्टा लागू दिला नाही.

करवीरकर

हे पटलं.

गॅरेजवाल्यांची लेक

धागा पहिल्यापासून वाचतेय, आज लिहिते. सांगलीत आमचं गॅरेज होतं, बाबा आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. लहानपणी त्यांना जुन्या जीपचे ब्रेक सारखे करताना बघितलंय. चारही चाकं जॅकवर, आई पेडलवर पाय देऊन बसलेली, आणि बाबा एकेक चाक हाताने फिरवून बघायचे. कुठलं जड फिरतंय, कुठलं हलकं. एक पाव फेरा घट्ट, परत फिरव. ते तर तेलाचे ब्रेक. मेकॅनिकल ब्रेकचं काम याहून किती किचकट असेल, कारण तेलाचा दाब सगळ्या चाकांना सारखा जातो, सळई किंवा तार तसं करत नाही. एका बाजूची थोडी सैल झाली की ब्रेक दाबल्यावर गाडी ओढते. मला वाटतं, लोकांच्या भीतीत थोडं तथ्य असावं. नवी गाडी नीट थांबत असेल, पण वर्षभराने, गावच्या मिस्त्रीच्या हातून गेल्यावर?

काल रात्री बाबांना मोबाइलवर पुढच्या अ‍ॅक्सलचा फोटो दाखवला. बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "चाक वळवल्यावर तार ताणली जात नाही का? मग वळणावर आपोआप ब्रेक लागेल की."

चाकोरी

ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. त्या काळच्या इंजिनिअरांना नेमका हाच प्रश्न पडला होता. पुढच्या चाकाच्या मेकॅनिकल ब्रेकचा ओढा किंगपिनच्या, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिच्या, रेषेतूनच न्यावा लागतो. चाक त्या रेषेभोवती फिरतं, त्यामुळे ओढा तिथून गेला तर वळवताना लांबी बदलत नाही. रेषा जरा चुकली की बाबा म्हणतात तेच होतं. आणि मिस्त्रीच्या हाताबद्दलचं तुमचं म्हणणं मी कधी विचारातच घेतलं नव्हतं. जाहिराती वाचून मी सगळा दोष बदनामी करणाऱ्यांना देत होतो.

गॅरेजवाल्यांची लेक

वाचून दाखवलं. म्हणाले, "मग किंगपिनचा बुश खाल्ला की रेषा गेलीच. त्या गाडीला ग्रीस वेळेवर देत असतील तर ठीक." आणि मिशिगनकरांना विचारायला सांगितलंय, त्या आजोबांची गाडी ब्रेक दाबल्यावर कुठल्या बाजूला ओढते का.

मिशिगनकर

जूनमध्ये मेळा आहे. विचारून इथेच लिहितो.